शाँझेलिझेला जाताय? मग आधी हे वाचा (सगळे विचारतात तेच प्रश्न)

गेली अकरा वर्षं पॅरिसमध्ये राहतेय आणि दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी येतंच. मामा-मामी, नवऱ्याची आत्या, शाळेतली मैत्रीण तिच्या दोन मुलांसकट. बॅगा टेकवून चहाचा पहिला कप हातात आला की प्रश्न सुरू, आणि प्रश्न तेच. आयफेल टॉवरबद्दल कुणी फार विचारत नाही, तो दिसतो तसाच आहे. पण शाँझेलिझे, म्हणजे इथला तो प्रसिद्ध रस्ता, बघून आल्यावर निम्मे लोक म्हणतात "एवढंच?" आणि मग मला तासभर बोलावं लागतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी हे सांग, नाव नक्की कसं म्हणायचं?

"चॅम्प्स एलिसीज" नाही. शाँ-झे-ली-झे, चारच तुकडे. दोन्ही झे "झेप"मधले. पहिल्या शब्दात प आणि स लिहिलेले दिसतात, त्यातला प कुणी उच्चारत नाही आणि स पुढच्या शब्दाला चिकटून झ होतो. मामांनी टॅक्सीवाल्याला तीनदा "चॅम्प्स" सांगितलं, त्याने तीनदा मान हलवली, शेवटी मोबाईलवर नकाशा दाखवला.

अर्थ काय त्याचा?

शाँ म्हणजे शेतं किंवा मैदानं. एलिझे हे ग्रीक पुराणातलं, पुण्यवान माणसं आणि वीर मेल्यावर जिथे जातात ती जागा, म्हणजे आपल्या भाषेत स्वर्गातलं कुरण म्हणा. हे नाव १७०९ पासूनचं, त्याआधी नुसतं "मोठा रस्ता" अशा अर्थाचं नाव होतं. आणि नाव ठेवलं तेव्हा तिथे खरंच शेतं आणि दलदलच होती, तर स्वर्ग हा भाग जरा जाहिरातीतला समजा.

कुठून सुरू होतो, किती लांब आहे?

पूर्वेला कॉनकॉर्ड चौक, पश्चिमेला आर्क द त्रिऑम्फची कमान, मधे १.९ किलोमीटर. रुंदी ७० मीटर. दोन्ही बाजूचे फुटपाथच वीसेक मीटर रुंद आहेत, आपल्याकडे तेवढ्यात दुपदरी रस्ता, पार्किंग आणि वडापावची गाडी आरामात बसेल.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते आणि त्यामुळे ते हिरमुसतात: रस्त्याचे दोन भाग आहेत. कॉनकॉर्डपासून साधारण ७०० मीटर नुसत्या बागा आणि झाडी, दुकान नाही की काही नाही. मग राँ-प्वाँ म्हणून गोल चौक लागतो, तिथून वर कमानीपर्यंत दुकानं, कॅफे, थिएटरं. मैत्रीण चुकून कॉनकॉर्डला उतरली आणि मला फोन, "अगं इथे तर नुसती झाडं आहेत, आम्ही चुकीच्या ठिकाणी आलो का?" नाही बाई, चालत रहा.

हा रस्ता नेपोलियनने बांधला ना?

नाही. आणि हा एका माणसाने एका दमात बांधलेला रस्ताच नाहीये. हा वाढत गेलेला रस्ता आहे, वेलीसारखा.

सुरुवात बागेपासून झाली. १६१६ मध्ये राणी मारी द मेदिचीने सीन नदीच्या काठाने झाडांच्या रांगा लावून घोडागाडीतून फेरफटका मारायला एक वाट करून घेतली, राणीची वाट असंच तिचं नाव, ती अजून आहे, शाँझेलिझेच्या खालच्या अंगाला. मग १६६७ मध्ये चौदाव्या लुईचा बागवाला आन्द्रे ल नोत्र, व्हर्सायच्या बागा ज्याने केल्या तो, याला राजवाड्याच्या त्युइलरी बागेतून बघताना नजर लांबपर्यंत जायला हवी होती, मधे भिंत नको, घर नको. म्हणून त्याने बागेच्या मधल्या वाटेची रेघ तशीच पुढे शेतांतून ओढली आणि दोन्हीकडे झाडं लावली. बास, हीच शाँझेलिझे. कुठे पोचायला केलेला रस्ताच नव्हता तो, राजाला खिडकीतून बघायला केलेला देखावा होता. १७२४ मध्ये ती रेघ टेकडीच्या माथ्यापर्यंत, म्हणजे आज कमान आहे तिथपर्यंत नेली.

पुढे शंभर वर्षं इथे वस्ती जवळपास नव्हतीच. दिवसा फिरायला येणारे, रात्री चोर. १८१४ मध्ये नेपोलियन हरला तेव्हा रशियन कोसॅक सैनिकांनी याच झाडांखाली तळ ठोकला होता, घोडे झाडांना बांधून. १८२८ मध्ये ही जागा पॅरिस शहराच्या ताब्यात आली, मग फुटपाथ, कारंजी, गॅसचे दिवे झाले, हिटॉर्फ नावाच्या आर्किटेक्टने बागांची मांडणी केली. मोठमोठ्या हवेल्या आल्या त्या त्यानंतर.

मग हॉसमन? त्याने अख्खं पॅरिस पाडून बांधलं म्हणतात.

हॉसमन १८५३ ते १८७० पॅरिसचा प्रशासक होता आणि पॅरिसचे बरेच रुंद रस्ते त्याचेच, पण शाँझेलिझे त्याच्या जन्माच्या आधीची आहे. त्याने केलं ते वरच्या टोकाला. कमानीभोवती आधी पाच रस्ते यायचे, त्याने ते बारा केले. त्या चौकाला एत्वाल, म्हणजे तारा म्हणतात. कमानीवर चढलात की कळतं, बारा रस्ते चाकाच्या आऱ्यांसारखे सुटलेले दिसतात. १९७० पासून अधिकृत नाव शार्ल द गोल चौक, पण माणसं एत्वालच म्हणतात.

आर्क द त्रिऑम्फच्या जागी हत्ती बांधणार होते हे खरंय का?

होय! हा प्रश्न भाच्याने विचारला, मला वाटलं यूट्यूबवरची थाप असेल, पण खरंय. १७५८ मध्ये शार्ल रिबार नावाच्या आर्किटेक्टने राजाला प्लॅन दिला होता, त्याच टेकडीवर तीन मजली हत्ती. पोटाखालून गोल जिन्याने आत शिरायचं, आत नाचाचा दिवाणखाना, आणि सोंडेतून पाणी बाहेर बागेत. सरकारने नाही म्हटलं. मला अजून हळहळ वाटते.

कमानीची गोष्ट पण काही कमी नाही. १८०५ मध्ये ऑस्टरलिट्झची लढाई जिंकल्यावर नेपोलियनने सैनिकांना शब्द दिला होता की विजयाच्या कमानींखालून घरी जाल, आणि १८०६ मध्ये काम काढलं. आर्किटेक्ट शाल्ग्राँ. १८१० मध्ये नेपोलियनचं दुसरं लग्न ठरलं, ऑस्ट्रियाची राजकन्या मारी लुईझ, वरात इथून जाणार, आणि कमान म्हणाल तर पाया जेमतेम वर आलेला. मग काय, लाकूड आणि रंगवलेलं कापड घेऊन पूर्ण उंचीची खोटी कमान उभी केली. लग्नाच्या हॉलबाहेर आपण थर्माकोलचं गेट करतो तेच, फक्त ५० मीटर उंच. ऐनवेळी सुतारांनी मजुरी वाढवून मागितली तेही अगदी आपल्याकडच्यासारखंच. खरी कमान पूर्ण व्हायला १८३६ उजाडलं, तोपर्यंत शाल्ग्राँ जाऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि नेपोलियन सेंट हेलेना बेटावर मरून पंधरा. तो शेवटी तिच्याखालून गेला तो १५ डिसेंबर १८४० ला, शवपेटीत. कडाक्याची थंडी होती आणि तरी तुफान गर्दी.

कॉनकॉर्डला तो इजिप्तचा खांब काय करतोय?

लुक्सोरच्या देवळासमोरचा ओबेलिस्क, वय तीन हजार वर्षांच्या वर, उंची २३ मीटर, वजन २०० टनांपेक्षा जास्त. इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता मुहम्मद अली याने भेट दिला, आणायला खास जहाज बांधावं लागलं, आणि २५ ऑक्टोबर १८३६ ला उभा केला. म्हणजे रस्त्याची दोन्ही टोकं एकाच वर्षी सजली.

खांब निवडण्यामागे डोकं होतं. फ्रेंच क्रांतीच्या वेळी याच चौकात गिलोटीन, म्हणजे डोकं उडवायचं यंत्र होतं. २१ जानेवारी १७९३ ला राजा सोळाव्या लुईचं डोकं इथे उडवलं, ऑक्टोबरमध्ये राणी मारी आंत्वानेतचं, आणि एकूण हजारावर माणसांचं. आता तिथे राजाचा पुतळा ठेवला तर अर्धे चिडणार, क्रांतीचा ठेवला तर उरलेले अर्धे. इजिप्तच्या खांबाचं कुणाशी भांडण नाही.

मला तर साधा मॉल रोड वाटला. यात एवढं काय आहे?

हा तो "एवढंच?" वाला प्रश्न. माझं उत्तर ठरलेलं आहे: तुम्ही तो चुकीच्या दिवशी बघितलात. पुण्याच्या माणसाला सांगते की लक्ष्मी रोड फेब्रुवारीतल्या मंगळवारी बघून विसर्जनाची मिरवणूक काय ते कळेल का? शाँझेलिझेवर दुकानं आहेत पण रस्त्याचं खरं काम मिरवणुकीचं. कोण जिंकलं, कोण हरलं, राज्य कुणाचं, हे या देशात या रस्त्यावर चालून सांगतात.

२५ जून १७९१. राजा लुई बायकापोरांसकट पळून जाताना व्हारेनला पकडला गेला आणि त्याला परत आणलं ते याच रस्त्याने. आदल्या दिवशीच शहरात सांगून ठेवलेलं की राजाचा जयजयकार करेल त्याला काठ्या, आणि शिव्या देईल त्याला फाशी. त्यामुळे हजारो माणसं दोन्हीकडे उभी, डोक्यावरची टोपी कुणी काढली नाही आणि तोंडातून शब्द काढला नाही. मला वाटतं त्या दिवशीच त्याला कळलं असणार.

१ मार्च १८७१ ला जर्मन फौजा इथून चालत गेल्या, फ्रान्स हरला होता. १ जून १८८५ ला लेखक व्हिक्टर ह्युगोची अंत्ययात्रा कमानीपासून निघाली, वीस लाखांच्या आसपास माणसं होती म्हणतात. १४ जुलै १९१९ ला पहिल्या महायुद्धाच्या विजयाची परेड, मार्शल जोफ्र आणि फॉश घोड्यावर, पण त्यांच्याही पुढे कोण होतं माहितीये? युद्धात हातपाय, डोळे गमावलेले हजार सैनिक, कुबड्या घेऊन, चाकाच्या खुर्च्यांतून. त्यांना सगळ्यात पुढे ठेवलं होतं.

मग १९२० मध्ये कमानीखाली अनाम सैनिकाची शवपेटी आणली, पुढच्या जानेवारीत तिथेच पुरलं, आणि तेव्हापासून परेड कमानीच्या खालून जात नाही, बाजूने वळसा घेते. १४ जून १९४० ला हिटलरचं सैन्य या रस्त्यावर उतरलं. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, जर्मन पहारा असताना, शाळा-कॉलेजची पोरं कमानीपाशी जमली आणि पुष्कळांना अटक झाली. आणि चार वर्षांनी २६ ऑगस्ट १९४४ ला जर्मनांशी लढणाऱ्या फ्रेंचांचा नेता द गोल कमानीपासून कॉनकॉर्डपर्यंत पायी चालत गेला. घोडा नाही, गाडी नाही, उंच माणूस असल्याने लांबूनही दिसायचा. शहरात अजून बंदूकवाले लपलेले होते, कॉनकॉर्डपाशी गोळीबार झालाही.

१९९८ मध्ये फ्रान्सने फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला, फायनलला ब्राझीलला ३-० हरवलं, तेव्हा दहा लाखांच्या वर माणसं इथे, आणि कमानीवर झिदानचा चेहरा दिव्यांनी उमटवला होता. अल्जीरियन आईबापाचं पोर, नेपोलियनच्या कमानीवर. त्याच ओळीत पुढची नोंद म्हणजे २०१८ चा वर्ल्ड कप.

कमानीतून कुणी विमान उडवलं होतं का?

हो, ७ ऑगस्ट १९१९, शार्ल गोदफ्रुआ. कारण वाचून हसू येतं. त्या विजयाच्या परेडमध्ये वैमानिकांना सांगितलं होतं की तुम्हीही पायदळासारखं पायीच चाला. त्यांना तो अपमान वाटला आणि मग ठरवलं की दाखवतोच. विमानाचे पंख ९ मीटर, कमानीची आतली रुंदी साडेचौदा. दोन्हीकडे पावणेतीन मीटर जागा. ज्यांनी कधी तुळशीबागेतून स्कूटर काढलीय त्यांना कदाचित काही वाटणार नाही.

सायकलची ती रेस इथेच संपते ना?

टूर द फ्रान्स, १९७५ पासून इथेच संपते. २०२४ ला ऑलिंपिकमुळे नीसला संपवावी लागली, तेवढा अपवाद. टीव्हीवर रस्ता गुळगुळीत दिसतो पण खाली दगडी फरशा आहेत, सायकलवाल्यांचे दात वाजतात. १९८९ मध्ये शेवटच्या दिवशी अमेरिकेचा लेमाँ इथे फ्रान्सच्या फिन्याँपेक्षा फक्त ८ सेकंदांनी पुढे राहून जिंकला, तीन आठवडे सायकल मारून ८ सेकंद. माझे शेजारी आजोबा आजही तो विषय काढला की गप्प होतात.

आपल्या मराठी माणसांचा काही संबंध?

आहे, आणि चांगला आहे. १४ जुलै २००९ च्या, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिवसाच्या परेडला भारत पाहुणा होता, मनमोहन सिंग व्यासपीठावर, आणि आपल्या तिन्ही दलांचे मिळून ४०० जवान या रस्त्यावरून गेले, त्यांच्या पुढे मराठा लाइट इन्फन्ट्री. १७६८ ची रेजिमेंट, म्हणजे कमानीच्या आधीची! २०२३ मध्येही भारतीय तुकडी होती, तेव्हा पंजाब रेजिमेंट होती.

दुसरी जागा कुठल्या टूरमध्ये दाखवत नाहीत. शाँझेलिझेच्या उत्तरेला, अगदी समांतर, रु द पाँत्यू नावाची गल्ली आहे. तिथे २५ नंबरला मादाम कामा राहायच्या, मुंबईच्या भिकाजी कामा, १९०७ मध्ये श्टुटगार्टला झेंडा फडकवणाऱ्या. १९१० च्या सुरुवातीला सावरकर पॅरिसला आले ते त्यांच्याकडेच राहिले, मार्चमध्ये लंडनला परत गेले आणि स्टेशनवर उतरताच अटक. मार्सेलिसची उडी त्यानंतरची, जुलैतली. मी आलेल्या प्रत्येकाला त्या गल्लीतून नेते. बघायला काही नाही, अरुंद गल्ली, दोन्हीकडे इमारती, उभ्या केलेल्या स्कूटर. पण मामा तिथे पाच मिनिटं उभे राहिले, चप्पल काढू का अशा चेहऱ्याने.

राष्ट्राध्यक्ष इथेच राहतात ना, एलिझे पॅलेसमध्ये?

नाव सारखं असल्याने घोळ होतो. पॅलेस रस्त्यावर नाहीये, मागच्या फोबूर सेंत-ओनोरे रस्त्यावर आहे, फक्त त्याच्या बागेची मागची बाजू शाँझेलिझेच्या बागांकडे येते. १७२२ मध्ये पूर्ण झालेली एका सरदाराची हवेली ती. कोंबडा बसवलेलं सोनेरी फाटक दिसलं की तीच. फार रेंगाळू नका, पोलीस प्रेमाने हाकलतात.

जुन्या हवेल्या कुठे गेल्या मग?

पाडल्या बऱ्याचशा, तिथे शोरूम, थिएटर आणि ऑफिसं आली. एक मात्र २५ नंबरला आहे, बघाच. पाइव्हा नावाच्या बाईची, १८५६ ते १८६६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं. ही मॉस्कोत गरीब घरात जन्मलेली एस्तेर लाखमान, पॅरिसला आली आणि श्रीमंत पुरुषांच्या जिवावर इतकी वर गेली की घरातला जिना अल्जीरियाच्या पिवळ्या ऑनिक्स दगडाचा. गोष्ट अशी सांगतात की तरुणपणी एका गिऱ्हाइकाने तिला घाईत गाडीतून याच रस्त्यावर ढकलून उतरवलं, ती पडली, आणि तिथेच ठरवलं की घर बांधीन तर इथेच. खरं असो नसो, घर तिथेच आहे. १९०३ च्या सुमारापासून तिथे पुरुषांचा क्लब आहे, याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

शॉपिंगला चांगला आहे का?

खरं सांगू? नाही. जे ब्रँड तुमच्या शहरातल्या मॉलमध्ये आहेत तेच इथे आहेत, आणि जे नाहीत ते परवडत नाहीत. आत जाऊन बघायला पैसे लागत नाहीत हे मात्र लक्षात ठेवा. ६८ नंबरला गेरलाँ अत्तरवाले १९१४ पासून आहेत, तिथे जिना चढून वर जा, अत्तर हुंगा, धन्यवाद म्हणा, खाली या.

दुकानांची एक गंमत, सम नंबर सगळे उत्तरेच्या बाजूला आणि तिथे ऊन येतं, म्हणून ती बाजू जास्त भावाची. विषम नंबर सावलीत. थंड देशात ऊनसुद्धा भाड्यात धरतात.

थिएटरं मात्र एकेक करून बंद होतायत, नॉर्मांडी नावाचं मोठं जुनं थिएटर जून २०२४ मध्ये गेलं. एके काळी पॅरिसची माणसं इथे सिनेमाला यायची. आता माझ्या ऑफिसातले पॅरिसवाले म्हणतात आम्ही पाच वर्षांत तिकडे फिरकलो नाही.

कॉफी प्यावी का तिथे बसून?

एकदा प्या, पण डोळे उघडे ठेवून. कॅफेत बाहेरच्या खुर्चीवर बसलं की एक भाव, आत काउंटरला उभं राहून प्यायलं की कमी भाव, हे पॅरिसमध्ये सगळीकडे असतं आणि इथे फरक चांगलाच जाणवतो. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन एका कॅफेत बसलो, नाव नाही घेत, सासऱ्यांनी पाणी मागितलं, वेटरने काचेची सुंदर बाटली आणली, आम्हाला वाटलं काय पाहुणचार आहे. बिल बघून सासरे म्हणाले, "बाटली तरी घरी न्यायला देतात का?" तर जेवणार असाल तर पाणी मागताना "कराफ दो" म्हणा, म्हणजे नळाच्या पाण्याचा जग येतो, फुकट. नुसतं पाणी म्हटलं की बाटली.

मोर्चे, जाळपोळ व्हायची ना तिथे? सेफ आहे का?

पिवळ्या जॅकेटवाल्यांचं आंदोलन, नोव्हेंबर २०१८ पासून दर शनिवारी. पेट्रोल-डिझेलच्या करावरून पेटलं आणि पुढे सगळ्याच रागाचं झालं. १६ मार्च २०१९ ला तर १८९९ पासूनचं फुकेट्स रेस्टॉरंट पेटवलं होतं. छोट्या गावांतली माणसं होती बरीचशी, आणि ती त्यांच्या गावात मोर्चा काढून थांबली नाहीत, गाडीचा खर्च करून इथे आली. ही पण मिरवणूकच म्हणायची, विजयाची नसेल. मे १९६८ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनाने सरकार हललं होतं तेव्हा राष्ट्राध्यक्ष द गोलच्या बाजूच्या लोकांनीही ३० मे ला उत्तर दिलं ते इथेच, लाखोंनी.

आता रोजच्याला सेफ आहे. खिसेकापू आहेत, मेट्रोत जास्त. पर्स पुढे घ्या. कुणी कागद पुढे करून सही मागितली तर थांबू नका.

मामींचे गुडघे दुखतात, चालायला झेपेल का?

हा प्रश्न फार शहाणपणाचा आहे कारण रस्ता चढाचा आहे आणि फोटोत ते कळत नाही. कॉनकॉर्डकडून निघालात तर कमानीपर्यंत सतत हलका चढ. म्हणून मेट्रोची एक नंबर लाइन घ्या (१९०० ची, पॅरिसची पहिली), थेट शार्ल द गोल-एत्वालला उतरा, कमान बघा आणि मग उताराने खाली चालत या. १४ जुलैची परेडही वरून खालीच येते, तर लाज वाटायचं कारण नाही. दमलात तर वाटेत जॉर्ज सँक, फ्रँकलिन रूझवेल्ट, क्लेमाँसो अशी तीन स्टेशनं आहेत.

कमानीपर्यंत रस्ता कसा ओलांडायचा?

ओलांडायचाच नाही!! हात जोडून सांगते. बारा रस्त्यांची गाडी एका चौकात, पट्टे नाहीत, आणि नियम असा की आत शिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, आतल्याने थांबायचं. आपण कितीही हात दाखवून रस्ता ओलांडणारे असलो तरी इथे नको. कमानीकडे तोंड करून उजव्या फुटपाथच्या शेवटी जमिनीखालचा रस्ता आहे, जिने उतरा, पलीकडे कमानीच्या पायाशी निघाल. कमानीखाली जायला तिकीट नाही, वर चढायला आहे. २८४ पायऱ्या, गोल जिना.

संध्याकाळी साडेसहाला तिथे असाल तर अनाम सैनिकाची ज्योत चेतवतात, ११ नोव्हेंबर १९२३ पासून रोज. म्हातारे सैनिक छातीवर पदकं लावून येतात, एकदा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांचा हात झेंडा धरून थरथरत होता आणि एक पंधरा वर्षांची पोरगी काही न बोलता काठीला खालून हात लावून उभी राहिली. बिगुल वाजतं, मागे गाड्या भोंगे मारत गोल फिरतच असतात.

गाड्या बंद असतात असा काही दिवस असतो का?

महिन्याचा पहिला रविवार, २०१६ पासून. रस्त्याच्या अगदी मधोमध उभं राहता येतं आणि तेव्हाच ल नोत्रची ती रेघ कळते, एका बाजूला कमान, दुसरीकडे खांब, त्याच्या मागे बाग आणि लूव्र.

रस्ता बंद करून इथे काय काय करतात विचारू नका. जून १९९० मध्ये शेतकऱ्यांनी अख्ख्या रस्त्यावर गहू आणून उभा केला होता, पिकलेलं शेत, कापणी सकट. नाव शेतांचंच आहे म्हणा. आणि जून २०२३ मध्ये बाकं मांडून हजारो लोकांना शुद्धलेखन घातलं, मोठी मोठी माणसं मान खाली घालून लिहितायत. माझी आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, "आपल्याकडे कर्वे रोडवर करा म्हणावं, ऱ्हस्व-दीर्घ सुधारेल."

सूर्यास्ताचा तो कमानीतला फोटो कधी मिळतो?

मे महिन्यात १० तारखेच्या आसपास आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर कमानीच्या मधे मावळतो. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर गर्दी होते, सगळ्यांचे मोबाईल वर. सिग्नल हिरवा झाला की पळा. ढग आले तर पुढच्या वर्षी, मी तीनदा गेलेय, एकदाच मिळाला, त्यातही अर्ध्या सूर्यावर डबलडेकर बस आहे.

आणि... टॉयलेट कुठे आहे?

सगळ्यांच्या मनात पहिला असतो आणि विचारतात शेवटी. पॅरिसमध्ये रस्त्याच्या कडेला राखाडी खोक्यासारखी टॉयलेट असतात, पैसे लागत नाहीत. फक्त एक नीट ऐका: आधीचा माणूस बाहेर येताना सौजन्याने दार धरून उभा राहिला तरी आत शिरायचं नाही. दार बंद होऊ द्यायचं, आत आपोआप धुलाई होते, दिवा हिरवा झाला की मग बटण दाबून जायचं. आत्या शिरल्या होत्या. नवी कोरी पैठणी होती.